पाणी म्हणजे अर्थिंग नव्हे

परवा आतेभावाचा फोन आला. त्याच्या नव्या बोअरमध्ये ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायची मोटार) सोडायची आहे आणि मी त्याला ६ एमएमची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटर तारेची, केबल सांगितली होती. म्हणाला, "दादा, अडीच एमएम बास होतीय. ग्रुपवर आलंय, दुकानदार उगाच जाड केबल गळ्यात मारतात." मेसेज मागवून घेतला आणि वाचून डोकंच फिरलं. हाच मेसेज नंतर आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: पातळ केबल घेतली की मोटार कमी वीज ओढते आणि बिल वाचतं. केबल पाण्यात थंड राहते, त्यामुळे जाडीची गरज नाही. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम चालतं. जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळली की झालं. आणि शेवटी, मोटार पाण्यातच असते, पाणी हेच अर्थिंग, म्हणून अर्थची वेगळी वायर म्हणजे पैसे वाया.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीच्या चुकांनी मोटार जळते, या चुकीने माणूस जातो.

पाण्यात बुडालेल्या मोटारीच्या बॉडीची जमिनीशी थोडीफार जोडणी होते, हे खरं. पण थोडीफारच. आपल्या विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणात आहेत, तिथे पाण्यातून जमिनीत जाणाऱ्या करंटला भरपूर विरोध होतो. तो ४० ओहम धरा. वायंडिंगची (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीची) एक फेज बॉडीला लागली, तर २४० व्होल्टला फक्त ६ अँपिअर करंट वाहील. ६ अँपिअरला फ्यूज जात नाही. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, जाड तार घातलेली असेल तर विषयच संपला. जास्त करंटला मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेला वाटतं मोटारीवर जरा लोड आलाय, तोही लगेच पडेल याची खात्री नाही. मोटार चालू राहते, पाणी येत राहतं, कुणाला काही कळत नाही आणि बॉडीच्या आजूबाजूच्या पाण्यात व्होल्टेज पसरलेलं असतं. फुटव्हॉल्व्ह बघायला उतरलेला माणूस, उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारणारी पोरं, सगळे त्याच पाण्यात. माणसाला वाचवणारा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो. हे ६ अँपिअर त्याच्या दोनशेपट आहेत. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने स्वतःच्या विहिरीत स्वतःचं पोर उतरवलं असतं का?

हे माझं मत नाही, कायदा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, २०१० च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्याही, २५० व्होल्टच्या वरच्या मोटारीची फ्रेम दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ केलेली असली पाहिजे, असं म्हटलंय. हीच अट १९५६ च्या वीज नियमांतही होती. मोटार पाण्यात असेल तर सूट, असं त्यात कुठेही नाही.

पूर्वी लोखंडी पाईप असायचे. पाईपच मोटारीपासून वरपर्यंत धातूचा, वर त्याला अर्थची वायर जोडली की बरंचसं काम व्हायचं. आता सगळीकडे काळा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाईप आहे, तो करंट नेत नाही. बाजारातली नेहमीची चपटी केबल तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारांची, तिन्ही कोअर फेजला जातात. म्हणजे मोटारीच्या बॉडीला वरून एकही तार जात नाही. तेव्हा चार कोअरची केबल घ्या, नाहीतर मोटारीच्या बॉडीच्या बोल्टला वेगळी इन्सुलेटेड अर्थवायर जोडून पाईपबरोबर वर आणा आणि अर्थच्या खड्ड्याला जोडा. पॅनेलमध्ये ईएलसीबी बसवा. तो सारखा पडत असेल तर काढून फेकू नका, गळती कुठे आहे ते शोधा. पडतोय म्हणजे तो सांगतोय काहीतरी.

आता बिल. पहिली गोष्ट, बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिलच नाही, मग वाचवताय काय? दुसरी, मुळात गणितच उलटं आहे. आतेभावाची मोटार साधारण ११ अँपिअर घेईल आणि स्टार्टरपासून बोअरच्या तळापर्यंत केबल २०० मीटर लागेल. अडीच एमएमच्या तांब्याच्या केबलचा विरोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, म्हणजे २०० मीटरला १.६ ओहम. त्यात २५ व्होल्टच्या आसपास ड्रॉप होतो, म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच कमी होतं, आणि तीन फेज मिळून जवळजवळ ५८० वॅट, म्हणजे पाऊण एचपी, नुसती केबल तापवण्यात जाते. ६ एमएमला तोच ड्रॉप १० व्होल्टवर येतो, म्हणजे थ्री फेजच्या ४१५ व्होल्टच्या ३ टक्क्यांच्या आत. मोटार कंपन्यांचे केबलचे तक्ते बहुतेक ३ टक्क्यांवरच बेतलेले असतात. त्यातून आपल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्या मोटारी चालू झाल्या की ३५० व्होल्टसुद्धा मिळत नाही. तिथून आणखी २५ गेले की मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. सुरू होताना ती नुसती गुरगुरते आणि चालू झाली तरी तेच पाणी उचलायला जास्त करंट ओढते. कमी नाही, जास्त. मग वायंडिंग जळतं आणि मोटार काढायला गाडी बोलवा, रिवायंडिंग करा. केबलमध्ये वाचवलेले पैसे एका फेरीत जातात.

पाण्यात केबल थंड राहते, हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. ११ अँपिअरला अडीच एमएम जळणार नाही. पण एवढ्या लांबीत जाडी ठरते ती व्होल्टेज ड्रॉपवर, केबल जळण्यावर नाही. आणखी एक मान्य करतो: विहीर ४० फुटांची आणि स्टार्टर काठावरच असेल तर ५ एचपीला अडीच एमएम खरंच पुरते, तिथे जाड केबल गळ्यात मारणारे दुकानदारही आहेत. लांबी मोजा आणि मगच केबल घ्या, दुकानदाराचं किंवा ग्रुपचं ऐकून नाही.

ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. मीटरपासून स्टार्टरपर्यंत जमिनीतून जाड ॲल्युमिनियम केबल टाकली तर हरकत नाही, पाण्यात नको. तांब्याशी जोडलेला त्याचा जॉइंट ओलाव्याने खाल्ला जातो. हल्ली तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही तांबं म्हणून विकतात. एक बारीक तार घेऊन ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर बंडल तिथेच परत करा. केबलवर आयएसआयची खूण, आयएस ६९४ आणि एमएमचा आकडा छापलेला आहे का तेही बघा.

आणि सायकलची ट्यूब! ट्यूबमध्ये पाणी आत जातंच, शे-दोनशे फूट पाण्याचा दाब असतो तिथे. तिन्ही जॉइंट एका ठिकाणी न करता पुढेमागे करा, तार स्लीव्हमध्ये दाबून घ्या, त्यावर पाण्यासाठीची रबर टेप ताणून आणि वरून पीव्हीसी टेप, किंवा सरळ सबमर्सिबलचं जॉइंट किट वापरा. मग तो जॉइंट पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा आणि वायरमनला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा. काटा घसरला तर जॉइंट पुन्हा करायचा. तोवर मोटार बोअरमध्ये सोडू नका.