अर्ली डिसिजन: पैशाचा मुद्दा राहिलाच

अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशावरच्या एका लेखात म्हटलंय, की पहिली पसंती पक्की असेल तर अर्ली डिसिजनने (लवकर अर्ज, आणि निवड झाली तर तिथेच जायचं बंधन) अर्ज करायला काहीच हरकत नाही, कारण त्या फेरीत प्रवेशाचं प्रमाण जास्त असतं. प्रमाण जास्त असतं हे खरं. पण त्या फेरीत खेळाडू म्हणून आधीच हेरलेली आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. ती वगळली तर इतरांच्या वाट्याला येणारा फायदा दिसतो तेवढा उरत नाही.

आणि पैशाबद्दल अवाक्षर नाही! अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कॉलेजची आर्थिक मदत अगदीच अपुरी असेल तर करारातून सुटता येतं, पण चार ठिकाणची मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करायची सोय जाते. माझ्या भाचीनं पुण्यातून अर्ज केला तेव्हा दाजी रात्री नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारं कॉलेजचं ऑनलाइन साधन) उघडून बसायचे. त्यात पीएफ कुठे दाखवायचा, आजीच्या नावावरचा फ्लॅट धरायचा की नाही, इथूनच सुरुवात. शेवटी तिनं अर्ली ॲक्शन निवडलं. (त्यातही अर्ज लवकरच करायचा, पण ते बंधनकारक नसतं, हेही लेखात नाही.) एमआयटीचं तसंच आहे: अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरात, आणि येणार की नाही हे कळवायला १ मेपर्यंत मुभा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचंही बंधनकारक नाही, फक्त त्याच वेळी दुसरीकडे लवकर अर्ज करण्यावर बरेच निर्बंध आहेत. कर्ज काढून मुलं पाठवणाऱ्यांनी आधी हा फरक बघावा, प्रवेशाची टक्केवारी नंतर.