मधमाशीने लॉगची कोष्टकं दुरुस्त केलेली नाहीत

परवा भाचीचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. "मावशी, माझं मॉडेल चुकलं गं. फाडून टाकलं मी." शाळेसाठी तिने कार्डशीटचं पोळ्यातलं एक घर केलं होतं. सहा भिंती, आणि तळाला तीन समभुज चौकोन जोडून केलेलं टोक. कोनमापक लावला तर तळाच्या चौकोनाचा मोठा कोन १११ अंश भरला. घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजात तिने वाचलं होतं की माशीचा कोन १०९ अंश २८ मिनिटांवरून (एका अंशाची ६० मिनिटं) कधीच हलत नाही. मग आपलं सगळंच चुकलं, असं तिने ठरवून टाकलं.

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवलाय आणि चारही वेळा मी गप्प बसले. आता नाही बसणार.

मेसेजातली सगळ्यांना आवडणारी गोष्ट अशी: रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोनिग नावाच्या गणितज्ञाला विचारलं, कमीत कमी मेणात घराचा तळ बांधायचा तर कोन किती ठेवावा? उत्तर आलं १०९ अंश २६ मिनिटं. माशीचा कोन मोजला तर २८. मग शोध घेतल्यावर छापील लॉगच्या, म्हणजे आकडेमोडीसाठी वापरायच्या लॉगॅरिदमच्या, कोष्टकातच चूक सापडली, आणि त्याच कोष्टकामुळे म्हणे एक जहाजही बुडालं होतं.

प्रश्न विचारला होता, हे खरं. १७३९ मध्ये कोनिगचं उत्तर २६ मिनिटांचं होतं, हेही खरं, आणि १७४३ मध्ये मॅक्लॉरिन या गणितज्ञाने ते २८ असं नीट सोडवून दाखवलं. पण 'माशीचा कोन मोजला' हे कुठून आलं? २८ मिनिटांचं हे मोजमाप ज्यांच्या नावावर सांगतात त्या खगोलशास्त्रज्ञ माराल्दींनी १७१२ मध्ये पोळ्यावर प्रत्यक्ष मोजले ते ढोबळ ११० आणि ७० अंश. तळाच्या चौकोनांचे कोन आणि बाजूच्या भिंतींचे कोन सारखे असणार असं गृहीत धरून मग त्यांनी १०९ अंश २८ मिनिटं हा आकडा गणिताने काढला. जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ च्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या पुस्तकात हा सगळा गुंता उलगडून ठेवलाय. म्हणजे एका माणसाचं गणित दुसऱ्या माणसाच्या गणिताशी ताडून पाहिलं, आणि जिंकली म्हणे माशी! जहाजाचं तर मेसेजात ना नाव, ना साल, ना बंदर.

आणि २ मिनिटं म्हणजे किती? कामकरी माशीच्या घरात तळाच्या चौकोनाची बाजू सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्या लांबीवर २ मिनिटांचा फरक २ मायक्रॉनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. मेणाची भिंतच मुळी ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. त्या भिंतीवर २६ की २८ हा प्रश्नच उभा राहत नाही.

कागद हाताशी असेल तर हे स्वतः करून बघा. षटकोनाची बाजू ४ सेंमी, भिंतींची उंची १२ सेंमी. वरच्या टोकाला (घराचा तळ इथे वर येतो) एकाआड एक कडा १.४१ सेंमीने आखूड कापायच्या, म्हणजे प्रत्येक भिंत समलंब चौकोन होते. त्यावरच्या टोपीसाठी, म्हणजे तळासाठी, तीन समभुज चौकोन, कर्ण ६.९३ आणि ४.९० सेंमी. गंमत अशी की तीन कोपऱ्यांतून जेवढी जागा कापली जाते तेवढीच मधल्या टोकात भरून येते. टोक उंच करा की बसकं, आत मावणारा मध तोच. बदलतो तो फक्त कागद. सपाट बूड लावलं तर साधारण ३३० चौरस सेंमी कागद लागतो, या मापाने ३२२. आणि कोन तीन अंशांनी चुकवून ११२.६ केला तर? फक्त ०.२ चौरस सेंमी जास्त. नखाएवढाही नाही. भाचीच्या १११ अंशांत काय बिघडलं होतं सांगा. जिथे काटकसर सर्वात जास्त, तिथे थोडं इकडेतिकडे झाल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. माशीला मिनिटं मोजायची गरजच नाही.

मेसेज पुढे म्हणतो: 'षटकोनाशिवाय दुसरा आकार फटी न ठेवता बसत नाही.' चौकोनी फरशी पाहिली नाही का कधी? समभुज त्रिकोणही बसतात. हां, सारख्या क्षेत्रफळाचे कप्पे पाडायला सर्वात कमी भिंत षटकोनांना लागते, एवढं मान्य करायला हवं. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये ते सिद्ध केलं.

'यापेक्षा उत्तम तळ शक्यच नाही.' आहे. गणितज्ञ फेयेश तोथ यांनी १९६४ मध्येच दाखवला: दोन षटकोन आणि दोन समभुज चौकोनांचा. बचत अगदी किंचित जास्त, पण जास्त.

'प्रत्येक घर हुबेहूब सारखं.' कामकरी आणि नर माश्यांची घरं जिथे एकमेकांना भिडतात तिथे पाच आणि सात बाजूंची घरंही सापडतात. पोळं हातात घेऊन बघणाऱ्याला ती दिसतात.

मेसेजाच्या शेवटी मुलांसाठी कृती दिलीय: षटकोनी नळ्या करा, सपाट पुठ्ठ्यावर चिकटवा, झालं पोळं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. वर तळाच्या कोनाची एवढी आरती ओवाळायची आणि मुलांच्या हातून तो तळच काढून घ्यायचा! पोळ्याला दोन्ही अंगांनी घरं असतात, आणि एका घराचा तळ पलीकडच्या तीन घरांत वाटलेला असतो. सपाट पुठ्ठ्यावर हे कधीच कळणार नाही.

भाचीने काल पुन्हा चार घरं केली. एक अलीकडे, तीन पलीकडे. अलीकडच्या घराच्या तळाला तिन्ही चौकोनांतून एकेक टाचणी टोचली, आणि तीन टाचण्या तीन वेगळ्या घरांत निघाल्या. कोन या वेळी ११० भरला. तिने तो तसाच वहीत लिहिलाय.