अर्थ कुठे जातो?

गेल्या मंगळवारी भर पावसात माझ्या गाडीचा वायपर काचेच्या मधोमध हात वर करून थांबला आणि मी इंदूरच्या रामबागेत एका पोह्याच्या दुकानासमोर गाडी कशीबशी कडेला घेतली. फ्यूज काढून पाहिला, तर पट्टी शाबूत होती. मोटरीकडे वीज सोडणारा रिलेही टक् असा आवाज करत होता. बटण बंद केल्यावर वायपरला खाली आणून झोपवणारा एक छोटा स्विच मोटरीतच असतो; तरीही हात वरच राहिला, म्हणजे मोटरीला घरी परतण्यापुरतीही वीज मिळत नव्हती.

दुकानाच्या पत्र्याखाली आमच्या वाड्यातले काका पोहे खात उभे होते. वीज खात्यात त्यांची ३४ वर्षे गेली असल्यामुळे विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा समजला जातो. ती वर्षे बिले तपासण्यात गेली, ही गोष्ट सहसा कोणी काढत नाही. बोटांना लागलेला पोह्यांवरचा जिरावण मसाला झटकून त्यांनी माझ्या चाकाकडे बोट दाखवले.

"अर्थ गेलाय. अर्थिंग."

"काका, तुम्ही तर बॉनेटमध्ये डोकावलासुद्धा नाहीत."

"डोकवायचं काय? चाकं रबराची आहेत. करंट जमिनीत जाणार कसा? मागे एक साखळी बांध, जमिनीला टेकेल अशी."

शहाण्या माणसाने या वेळी पोहे मागवले असते. मी मात्र भिजत उभा राहून त्यांना समजावले, की गाडीचा अर्थ जमिनीत जात नसतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि करंट त्या पत्र्यातूनच परत येतो.

"मग पेट्रोलच्या टँकरला साखळी कशाला लोंबते? ते सगळे मूर्ख?"

"ती घर्षणाने साठणाऱ्या स्थिर विजेसाठी असते, काका."

"वीजच ना ती शेवटी?"

"काकासाहब सही बोल रहे हैं," कढईमागून पोहेवाल्याने निकाल दिला आणि दोन गिऱ्हाइकांनी शेव चावत माना हलवल्या. एकाने तर साखळी लोहारपट्टीत स्वस्त मिळेल, असेही सुचवले.

गॅरेजवाल्याने एकदा बटण दाबले, बॉनेटला कान लावला आणि "भिया, मोटर गई" असे जाहीर केले. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी असलेला टेस्टर त्याच्या डोक्यामागेच खिळ्याला टांगलेला होता. बल्बचे एक टोक मोटरीच्या प्लगला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून वीज तिथवर पोचते का ते पाहायचे. पोचत असेल, तर तेच दुसरे टोक मोटरीच्या अंगाला लावायचे आणि बल्ब विझतो का ते बघायचे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण पाच मिनिटांचे ३,८०० रुपये मागता येत नाहीत. नवी मोटर बसवताना त्याने बोल्टाखालची गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, ती मी शेजारी उभा राहून, कौतुकाने पाहिली. जुनी मोटर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून अस्थींसारखी माझ्या हाती दिली.

रविवारी मी ती मोटर दोन वायरींनी बॅटरीला जोडली, तर ती गरगर फिरू लागली. तिचा अर्थ त्या बोल्टातून पत्र्यात जात होता आणि त्या बोल्टाखाली गंज साचला होता. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात नखाएवढा गंज पुसून घेण्यासाठी मी ३,८०० रुपये मोजले होते. शिवाय काकांचे निदान अक्षरशः खरे ठरले होते, ही गोष्ट मी त्यांना मरेपर्यंत सांगणार नाही.

काल पावसात मी वायपर चालू ठेवून फाटकातून बाहेर पडत होतो, तेव्हा काकांनी छत्री आडवी धरून मला थांबवले.

"लावलीस ना शेवटी?"

मी काही बोलायच्या आत ते छत्री मिटून, धोतर सावरून, चिखलात एक गुडघा टेकून गाडीच्या मागच्या बंपरखाली साखळी शोधू लागले.