शनीचा नंबर

आज रविवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एका गृहस्थांनी मला विचारलं, "जेसीबी तासाला किती घ्यायलाय?"

मी भाजणी विकते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि उन्हाळ्यात सांडगी मिरची. यातलं काहीही तासावर मिळत नाही. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बंडूला द्या की फोन. बायकांना कशाला उचलाय लावतोय?" आणि माझ्याच धंद्याच्या फोनवर मलाच झापून त्यांनी फोन ठेवला.

हा नंबर घेऊन आज नऊ दिवस झाले. पाकिटावर माझा घरचा नंबर छापलेला होता आणि लोक जेवणाच्या, झोपेच्या, आरतीच्या वेळी "भाजणीत ज्वारी आहे का हो?" विचारत होते, म्हणून धंद्याला वेगळा नंबर घ्यायचं ठरवलं. बाकी पूर्वपीठिका काही नाही. दुकानदार पोरगा म्हणाला, "सीम फुकट हाय, रिचार्जचं तेवढं द्या." फुकट म्हटल्यावर मराठी माणूस सावध व्हायला हवा. मी झाले नाही.

त्याने नंबरांची यादी दाखवली. शेवटी दोन शून्यं असलेला मला आवडला. पाकिटावर शोभून दिसेल, लक्षातही राहील. पोराने तो मोठ्याने वाचला आणि मागून आवाज आला, "एक मिनिट. परत म्हणा."

स्टुलावर एक आजोबा बसले होते. फोनची रिंग ऐकू येत नाही म्हणून आलेले. एसटीतून निवृत्त, कंडक्टर, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. पोराने नंबर परत म्हटला. दहावा आकडा त्याच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत आजोबा म्हणाले, "चव्वेचाळीस. चार नि चार आठ. आठ म्हणजे शनी. घेऊ नका."

"आजोबा, मसाल्याचा धंदा आहे माझा."

"तेच म्हणतोय. तेलाचा असता तर चालला असता."

"पण शेवटी दोन शून्यं आहेत. छान दिसतात."

"शून्य म्हणजे पासवाला," आजोबा म्हणाले. "जागा अडवतो, बेरजेत नाही. तुम्ही मागच्या सीटवर दोन पासवाले बसवलेत."

इथे पोराला चेव आला. "आजोबा, पुढचं ९१ धरलं का?"

"कुठलं ९१?"

"देशाचा कोड. बाहेरनं फोन लावला की लागतोय."

आजोबा गप्प झाले. तिकिटाच्या ट्रेमधून सुट्टे शोधावेत तशी त्यांची बोटं हवेत हलली. "चोपन्न. पाच नि चार नऊ. मंगळ."

"म्हणजे सांगलीतल्या गिऱ्हाइकाला शनी आणि दुबईतल्याला मंगळ?" मी विचारलं. मी हे विचारायला नको होतं. या विषयात एकदा प्रश्न विचारला की तुम्ही प्रवासी होता, आणि मग उतरायचं ठिकाण कंडक्टर ठरवतो.

"व्हॉट्सॲपवर तर ९१ असतंयच," पोरगा म्हणाला. तो आता नुसता तेल ओतत होता.

"मग फोनवर शनी, व्हॉट्सॲपवर मंगळ," आजोबांनी निकाल दिला. "मंगळवारी व्हॉट्सॲपची ऑर्डर घ्यायची नाही. शनिवारी फोन उचलायचा नाही. मग काय होत नाही."

माझ्या मागे पाच माणसं उभी होती. त्यातल्या दोघांनी आपापल्या नंबरांची बेरीज करून घेतली. एकाचा सात आला, केतू. तो बिचारा चार्जर घ्यायला आला होता, न घेताच गेला.

मग अंगठा. आधारवरून सीम घेताना बोट मशीनवर ठेवावं लागतं आणि भाजणी भाजणाऱ्या, मिरच्या कुटणाऱ्या, दिवसभर भांडी विसळणाऱ्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा सरकारी नोंदीत राहतात, अंगठ्यावर राहत नाहीत. मशीनने मला तीनदा नाकारलं. स्वतःच्या स्वयंपाकघराने आपली ओळख पुसली, हे काचेच्या काउंटरवर सगळ्यांसमोर कळणं काही सुखाचं नसतं. आजोबा म्हणाले, "कपाळाला घासा." हसू नका, यात तथ्य आहे. कोरड्या बोटाला तेवढा तेलकटपणा मिळतो आणि ठसा उमटतो. त्याहून बरं म्हणजे हात धुऊन, पुसून, किंचित क्रीम लावायचं. आणि अंगठ्याचा हट्ट सोडायचा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, त्यामुळे कमी राबणारं बोट द्यायचं. माझी डावी अनामिका पहिल्या झटक्यात पास झाली. आयुष्यभर काही न केल्याचं तिला फळ मिळालं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगते. "मॅच झालं नाही, परत ठेवा" असं तीन-चारदा झालं, की त्यातलं एखादं खरं तर जुळलेलं असतं आणि तुमच्या नावावर दुसरंच सीम निघून तिसऱ्याच्या हातात जातं, असे प्रकार होतात. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघायचं. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी दिला की यादी येते. अनोळखी दिसला तर "हा माझा नंबर नाही" असं तिथेच कळवता येतं. एका माणसाला जास्तीत जास्त ९ सीम घेता येतात. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्यावर गेल्यास पहिल्या खेपेला ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि ती सीम आपण घेतली नव्हती हे पटवायला परत अंगठाच लागणार.

"आता जुना नंबर सांगा, ओटीपी येईल," पोरगा म्हणाला. मी माझा घरचा नंबर सांगितला. मोठ्याने. भर दुकानात. ही माझी त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक होती.

"पन्नास!" आजोबा स्टुलावरून उठले. "पाच! बुध! अहो, व्यापाराचा ग्रह! ९१ धरलं तरी साठ, सहा, शुक्र. दोन्हीकडून शुभ! आणि हा सोडून तुम्ही तो घेताय?"

मी तो घेतला. रागाने घेतला.

घरी आल्यावर कळलं की माझ्या फोनमध्ये दुसरं सीम बसतं, पण मेमरी कार्ड काढलं तरच. याला हायब्रिड स्लॉट म्हणतात. म्हणजे एकाच खोलीत दोन भाडेकरू, एका वेळी एकच. सीम घेण्याआधी ट्रे बाहेर काढून बघावा. तीन खाचा असतील तर निर्धास्त, दोनच असतील तर आधी फोटो दुसरीकडे हलवावेत. ट्रे काढायची टाचणी हरवलेली असतेच. सेफ्टी पिन चालते, मात्र भोक ट्रेला लागूनच असलेलं निवडायचं. खालच्या बाजूचं एकटं भोक माइकचं असतं. तिथे पिन खुपसली की नंबर दोन होतात आणि आवाज एकही उरत नाही.

सीम बसल्यावर सेटिंगमध्ये जाऊन दोघांना नावं द्यायची. मी "घर" आणि "धंदा" दिली. आणि कॉलच्या ठिकाणी "प्रत्येक वेळी विचारा" हे निवडायचं. नाहीतर फोन आपला मुकाट्याने घरच्या नंबरावरून गिऱ्हाइकाला लावतो, ते तो सेव्ह करतं आणि सगळा खटाटोप पाण्यात.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, चिन्हात बी असलेलं. ते उघडल्या उघडल्या तुमचा जुना नंबर ओळखून "हाच वापरू का?" म्हणून लाडात विचारतं. हो म्हटलं की तुमचं घरचं खातं, माहेरच्या ग्रुपसकट, धंद्यात जमा. "वेगळा नंबर" हेच दाबायचं. ज्यांच्या दुकानात लँडलाइन आहे त्यांना तर नवीन सीमही नको. कोडचा मेसेज येत नाही, पण थोडं थांबलं की फोन करून कोड सांगण्याचा पर्याय येतो. नंबर टाकताना एसटीडी कोडचं पुढचं शून्य गाळायचं, म्हणजे पुण्याचा २० आणि पुढे आठ आकडे. लँडलाइनवर आठवण झाली. पूर्वी लग्नपत्रिकेत, व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला. दुसरा नंबर म्हणतात तो हाच, आणि त्याला रिचार्ज म्हणून दिवाळीत फराळाचं ताट पुरायचं.

आता रिचार्ज. हा भाग मी शांतपणे लिहू शकत नाही. पॅक २८ दिवसांचा. २८ तेरे ३६४, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, मोबाईलवाल्यांकडे दरवर्षी येतो. २०२२ पासून निदान एक ३० दिवसांचा पॅक ठेवणं प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे. तो विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. धंद्याच्या नंबराला मुळात डेटाच लागत नाही, कारण व्हॉट्सॲप पहिल्या सीमच्या डेटावर किंवा वायफायवर चालतं. फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक ठेवा, असा ट्राय या दूरसंचार नियामकाचा आदेश डिसेंबर २०२४चा. असे पॅक आहेत, लांब मुदतीचेही आहेत. वर्षाचा एकदम घेतला की तेरा वेळा भरण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. पोरगा म्हणाला होता, "तसला पॅक नसतोय." मी कंपनीच्या ॲपमध्ये पार तळाशी जाऊन शोधला. होता.

या बाबतीत आजोबांचं दुःख माझ्याहून जुनं निघालं. २००५-०६च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंग मिळायचं, ते त्यांनी घेतलं होतं. २०१८च्या शेवटी इनकमिंगसाठीही दर महिन्याला किमान रिचार्ज मागायला लागले. "मी अजून आहे की!" ते दुकानात काउंटरवर हात आपटून म्हणाले. "मग लाइफटाइम कुणाचा संपला?" याला उत्तर नाही. पोरगाही गप्प झाला.

आणि बंडू. बरेच मोबाईल नंबर नवे नसतात, धुतलेले असतात. कोणी रिचार्ज करत नाही, नंबर बंद होतो, किमान ९० दिवस पडून राहतो आणि मग तुमच्यासमोर यादीत कोरा म्हणून येतो. सीममधून बंडू गेला. लोकांच्या फोनमधून गेला नाही. मी ज्यांना फोन करते त्यांच्यातल्या निम्म्यांना, नाव दाखवणाऱ्या ॲपवर, "बंडू जेसीबी" दिसतो. एका बाईंनी मेतकुटाची ऑर्डर नक्की करायचा फोन तीनदा कापला आणि चौथ्यांदा यजमानांकडे दिला. त्या ॲपवर नाव बदलण्याची विनंती करता येते. मी केली आहे. तेव्हापासून काहींना "बंडू भाजणी" दिसतं.

म्हणून पाकिटं छापायच्या आधी, खरं तर सीम घ्यायच्या आधीच, यादीतला नंबर दुकानातच दुसऱ्या फोनमध्ये सेव्ह करावा. व्हॉट्सॲपवर कोणाचा फोटो दिसतो का बघावं. यूपीआयमध्ये टाकून नाव येतं का बघावं, पैसे पाठवायचे नाहीत. दिसलं तर दुसरा नंबर मागावा. आधीच्या मालकाने व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. मी थांबले. आणि या स्वस्त नंबराला बँक, आधार काही जोडू नये. एखादं रिचार्ज राहिलं की तुमचा नंबर उद्या कोण्या बंडूकडे जाईल आणि तुमचे ओटीपी त्याला जातील.

सध्या मी एक झटपट उत्तर करून ठेवलं आहे. / टाकून 'जेसीबी' लिहिलं की आपोआप मजकूर येतो: "हा नंबर आता घरगुती मसाल्यांचा आहे. जेसीबी मिळणार नाही." काल त्यावर उत्तर आलं, "बरं. ट्रॅक्टर?"

हे सगळं लिहीत असतानाच, दुपारी दोनला, घरचा नंबर वाजला. आजोबा.

"एक किलो भाजणी आणि पाव मेतकूट. आणि आमच्या हास्यक्लबात अकरा जणांना हाच नंबर दिलाय. पाचाचा आहे, फळणार तुम्हाला."

मी विचारलं, पाकिटावरच्या नंबरावर का नाही केला?

"शनीला मी फोन करत नसतो. काय केलं त्याचं पुढं?"

"जेसीबीला लावलाय."

"बरं केलं," ते समाधानाने म्हणाले. "लोखंड शनीचंच."