चाचांना विचारण्याआधी फॉरवर्ड तरी नीट वाचा

मावशीच्या भजनी मंडळात गेली चौदा वर्षं एक चाचा तबल्यावर असतात. गेल्या शुक्रवारी कुणीतरी त्यांना विचारलं, "तुमच्यात हे चालतं का हो?" चाचांनी तबला-डग्गा खोळीत घातला आणि निमूट घरी गेले. कारण काय, तर ग्रुपवर फिरणारं फॉरवर्ड : इस्लाममध्ये संगीत सरसकट हराम, जगात एकाही मशिदीत वाद्य वाजत नाही, आणि कव्वाली म्हणजे आपल्या भजनाची चोरी.

मशिदीचंच आधी घेऊ, कारण इतकं ठासून खोटं बोलायलाही धाडस लागतं. इंडोनेशियात योग्यकर्ता इथे पैगंबरांच्या जन्माच्या महिन्यात सुलतानाच्या राजवाड्यातून गामेलान या वाद्यवृंदाचे दोन संच मिरवत निघतात, ते थेट थोरल्या मशिदीच्या आवारात. काशाच्या घंटा, थाळ्या, झांजेलाही लाजवील असा दणदणाट, जवळजवळ आठवडाभर! या सोहळ्याला सेकातेन म्हणतात. संचांना नावं आहेत, आणि नावाआधी बुजुर्गांना लावतात तसं 'क्याई' लावतात. जुम्याच्या नमाजाला वादन थांबतं, मग पुन्हा सुरू. आता हे मशिदीतलं वाद्य नाही तर काय, दूधवाल्याची घंटी?

हराम म्हणणारे आहेत, हे मान्य. तालिबानने तर वाद्यं जाळली. पण 'सरसकट' कुठून आलं? इमाम गझाली, मृत्यू 1111, मुस्लिम जगातलं केवढं मोठं नाव! त्यांच्या 'इह्या' या ग्रंथात समा, म्हणजे भक्तिगायनाचं श्रवण, यावर अख्खं प्रकरण आहे. दारूच्या बैठकीतली तंतुवाद्यं त्यांनाही नकोत, पण डफ चालतो, ढोल चालतो. म्हणजे वाद नऊशे वर्षं सुरू आहे आणि फॉरवर्डवाल्याने तो चार ओळींत मिटवला.

चोरीचं काय बोलायचं? कव्वालीत इथलेच राग आहेत, कारण कव्वालही इथलेच. तुर्कस्तानात कोन्यातल्या मेवलेवी सूफींची बासरी, नेय, आणि मोरोक्कोतल्या ग्नावा समाजाचं उंटाच्या कातड्याने मढवलेलं तंतुवाद्य, गेंब्री, तेही आपलीच चोरी का?

मावशी, या शुक्रवारी चाचांना आणायला तू स्वतः जा. ज्याने विचारलं त्याला टाळसुद्धा लयीत धरता येत नाही, तो ठेका काय धरणार?