बायोलॉजी घेतलं म्हणजे गणित सुटलं, हे साफ खोटं आहे

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर पोचला आणि भाचीने गणिताच्या जागी भूगोल टाकायचं ठरवलं. भूगोल घेण्याला माझी हरकत नाही. माझा राग आहे तो मेसेजमध्ये दिलेल्या कारणांवर. मेसेज थोडक्यात असा: “डॉक्टर व्हायचंय ना? मग गणिताची कटकट कशाला? बायोलॉजीत गणित नसतं. फिजिक्स-केमिस्ट्रीला सूत्रं पाठ केली की पुरे. लॉग टेबल कालबाह्य, आता कॅल्क्युलेटर आहे. युनिट आणि सिग्निफिकंट फिगरवर वेळ घालवू नका. डॉक्टरला पुढे गणित कधीच लागत नाही.”

यातलं अर्धं खरं आधी मान्य करून टाकतो. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसायला बारावीत गणित हा विषय असावा लागत नाही. शांकव, मेट्रिसेस, इंटिग्रेशनच्या साऱ्या युक्त्या यांवाचून डॉक्टरचं काही अडत नाही. पण विषय सोडला म्हणून विज्ञानातलं गणित सुटत नाही. बालभारतीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडा. दुसरंच प्रकरण आहे ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. त्यात व्हेक्टर आहेत, डिफरन्सिएशन आहे, इंटिग्रेशनची ओळख आहे. भूगोलवाल्यालाही हेच पुस्तक आणि हेच प्रकरण. पुढची प्रकरणं ते येतं असं धरूनच लिहिली आहेत. फरक इतकाच की गणितवाल्याला त्याचा सराव दुसऱ्या तासाला आपोआप होतो आणि भूगोलवाल्याला तो स्वतः करावा लागतो. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे, म्हणून आधी तेच घेतो. डॉक्टरला गणित लागत नाही?

भारतात इन्सुलिनच्या कुपीत बहुधा 1 मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. 40 च्या सिरिंजवर 20 ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्याच सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत 100 चं इन्सुलिन भरलं तर पेशंटला 20 ऐवजी 50 युनिट जातात. अडीचपट इन्सुलिनने साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो. यात सातवीतल्या गुणोत्तरापलीकडे काहीही नाही, पण ते हाताखाली पक्कं असावं लागतं.

अ‍ॅड्रेनलिन या तातडीच्या इंजेक्शनचं घ्या. 1:1000 म्हणजे 1000 मिलिलिटरमध्ये 1 ग्रॅम, म्हणजे 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम. 1:10000 त्याचा दहावा भाग. मोठा आकडा दिसला की औषध जास्त असं वाटणारा माणूस इथे दहापट चुकतो, आणि तेही धावपळीत, जेव्हा दुसऱ्यांदा मोजायला वेळ नसतो.

सलाइनचं गणित तर रोजचं. 1 लिटर 8 तासांत द्यायचं, सेट (सलाइनची नळी) 20 थेंबांना 1 मिलिलिटरचा. 1000 गुणिले 20 म्हणजे 20000 थेंब, भागिले 480 मिनिटं. मिनिटाला सुमारे 42 थेंब. नेहमीची चूक म्हणजे तासांची मिनिटं करायची राहतात आणि उत्तर 2500 येतं. मिनिटाला 2500 थेंब पडूच शकत नाहीत, हे उत्तराकडे पाहताक्षणी खटकलं पाहिजे. ते खटकणं आपोआप येत नाही. गणित सोडवण्याआधी अंदाजे उत्तर लिहायची सवय अकरावीतच लावावी लागते.

आता “बायोलॉजीत गणित नसतं”. बारावीच्या बायोलॉजीत हार्डी-वाइनबर्ग आहे, म्हणजे समाजात एखादं जनुक किती पसरलंय ते काढायचा नियम. तो हार्डी म्हणजे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारा गणिती जी. एच. हार्डी, 1908 साली त्याने हे लिहिलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलांना सांगावा लागत नाही. समजा एखाद्या समाजात दर 400 बाळांत 1 आजारी जन्मतं. सदोष जनुकाचं प्रमाण q, चांगल्याचं p. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच बाळ आजारी, म्हणून q चा वर्ग 0.0025, म्हणून q 0.05, p 0.95 आणि एकच सदोष जनुक असलेले वाहक 2pq, म्हणजे 0.095. आजारी शेकड्यात पाव, पण वाहक शेकड्यात साडेनऊ! पुढची सगळी तपासणी आणि समुपदेशन या दोन आकड्यांतल्या अंतरावर उभं असतं. मुलं अडखळतात ती वर्गमुळाशी: 0.0025 चं मूळ 0.005 लिहितात. तोच आकडा 25 गुणिले दहाचा उणे चौथा घात असा लिहिला तर ही चूक होतच नाही.

रक्ताचा pH 7.4 वरून 7.1 झाला तर “फक्त 0.3 ने उतरला” असं वाटतं. pH म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा उणे लॉग, म्हणून लॉग कळणाऱ्याला दिसतं की हायड्रोजन आयन दुप्पट झाले. तांबड्या पेशी पुस्तकात घन मिलिमीटरला 50 लाख असतात, लॅबच्या रिपोर्टवर लिटरला 5 गुणिले दहाचा बारावा घात. दोन्ही एकच, कारण लिटरमध्ये 10 लाख घन मिलिमीटर असतात. लांबीचं एकक दहापट बदललं की घन एकक 10 पट नव्हे, 1000 पट बदलतं; 10 नेच भागायची खोड मोडायला आठवडाभर रोज चार गणितं लागतात.

“सूत्रं पाठ केली की पुरे” हे क्लासवाल्यांच्या त्रिकोणातून आलेलं आहे. वर V, खाली I आणि R, हवं ते बोटाने झाका. तीन राशींच्या साध्या गुणाकाराला तो चालतो. v² = u² + 2as ला चालत नाही, भिंगाच्या सूत्रालाही नाही. 2 आणि 3 ओहमचे रोध समांतर जोडले की मुलं 1/2 + 1/3 = 5/6 करून थांबतात; उत्तर उलटं करून 6/5 लिहायचं राहून जातं. समांतर जोडणीत उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान हवं. 1.2 हे 2 पेक्षा लहान आहे. 5/6 सुद्धा लहान आहे, म्हणून नुसत्या अंदाजाने ही चूक सापडत नाही, एककाने सापडते: 5/6 च्या पुढे “प्रति ओहम” येतं. उपाय एकच. आकडे न घालता आधी नुसत्या अक्षरांत सूत्र फिरवायचं, हवी ती राशी एकटी डाव्या बाजूला आणायची, मग एककांसह आकडे टाकायचे. युनिट हवेत कशाला, याचं उत्तर इथेच मिळालं. सिग्निफिकंट फिगर, म्हणजे मोजमापातले भरवशाचे अंक, यांवर जास्त बोलत नाही, व्हर्नियर 0.01 सेंटिमीटर दाखवत असताना घनफळ पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिणं हे प्रॅक्टिकलमध्ये चुकीचंच धरलं पाहिजे.

कॅल्क्युलेटरचा मुद्दा तर प्रश्नपत्रिकेनेच खोडला आहे. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरवर सूचना छापलेली असते: लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. नीटमध्ये दोन्ही नाहीत, आणि 720 पैकी 360 गुण फिजिक्स-केमिस्ट्रीचे आहेत.

ज्यांनी गणित सोडलंय त्यांनी रोज वीस मिनिटं काढावीत, आणि क्रम मोडू नये: आधी गुणोत्तर आणि शेकडेवारी, मग दहाचे घात आणि मिली-मायक्रो-नॅनो, मग अक्षरांत सूत्र फिरवणं, मग लॉग, शेवटी आलेख. आलेखाचा चढ काढताना चौकोन मोजू नका, अक्षावरचे आकडे वाचा. आणि दोन बिंदू रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे घ्या, निरीक्षणाचे नव्हे. लॉगसाठी दोनच आकडे पाठ करा: log 2 = 0.301, log 3 = 0.477. log 5 म्हणजे 1 वजा 0.301. बारची खूण (उणेसाठी आकड्याच्या डोक्यावरची आडवी रेघ) फक्त कॅरॅक्टरिस्टिकवर, म्हणजे लॉगच्या पूर्णांक भागावर असते, मँटिसा, म्हणजे दशांश भाग, धनच राहतो, 0.002 चा लॉग म्हणजे −3 + 0.301, −3.301 नव्हे.

जमलं का ते पाहायला टेबल न उघडता 0.005 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा pH काढा. 2.3 यायला हवा. 3.7 आला तर बारचा घोळ अजून तसाच आहे, लॉगपासून पुन्हा सुरू करा.