‘काका, वाईट वाटून घेऊ नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

सुनेच्या माहेरचा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला मूळपुरुष जुन्या कागदांतून कसा शोधला, त्या लेखावर ओहायोत राहणाऱ्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

“काका, वाईट वाटून घेऊ नका, पण 1790 ची जनगणनासुद्धा न पाहता कोणी वंशावळ लिहायला बसत नाही. करयादीतला माणूस आणि पेन्शनच्या अर्जातला माणूस एकच, हे तुम्ही नुसत्या नावावरून धरून चाललात. बाप-लेक असतील, चुलते-पुतणे असतील. डॅनियल बूनबरोबर आल्याची गोष्ट तर इथे दर तिसरं घर सांगतं. नकाशाही नाही. बाकी लेख रंजक. निवृत्तीनंतर छंद असावा, पण आधी आपल्या घराण्याचं पाहिलं असतंत तर जास्त शोभलं असतं.”

(बून म्हणजे केंटकीत गोऱ्यांची वस्ती नेणाऱ्यांतला प्रसिद्ध वाटाड्या.) उत्तर द्यायला मुद्दाम जरा थांबलो. तापलेल्या डोक्याने लिहिलेला कागद पुढे फार महागात पडतो, हे सरकारी नोकरीत शिकलो.

वाईट वाटलं नाही. पण ‘वाईट वाटून घेऊ नका’ असं म्हणून जो सुरुवात करतो, त्याला पुढे काय करायचंय ते न कळण्याइतका मी भाबडाही नाही. ‘काका’ म्हणायचं, ‘रंजक’ म्हणून पाठ थोपटायची आणि मध्येच ‘शोभलं असतं’ असा चिमटा काढायचा. थेट ‘तुमचं चुकलं’ म्हणाला असतात तर मी चहा पाजून चर्चा केली असती. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला असं लिहीत नाहीत. ओहायोत लिहीत असतील.

आता जनगणना. ते वाक्य तुम्ही इतक्या ठसक्यात टाकलंत की त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

1790 साली केंटकी हे राज्यच नव्हतं. तो व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा मुलुख. राज्य झालं 1792 मध्ये. जनगणना झाली, केंटकीची एकूण लोकसंख्या 73,677 भरली, तो आकडा छापलेला आहे. पण ज्या याद्यांवरून तो आकडा काढला, त्या घरवार याद्या आज अस्तित्वात नाहीत. 1800 च्याही नाहीत. केंटकीपुरती हाती लागणारी पहिली जनगणना 1810 ची. म्हणजे जी वस्तू जगात नाही ती मी पाहिली नाही, असा तुमचा आरोप आहे. तो मान्य!

तुम्ही म्हणाल, मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. शक्य आहे. केंटकीची ‘पहिली जनगणना’ अशा नावाचं एक छापील पुस्तक तिकडच्या वाचनालयांत असतं. जरा प्रस्तावना वाचायची तसदी घ्या. ते पुस्तक त्या काळच्या करयाद्यांवरूनच जुळवलेलं आहे, म्हणजे ज्या करयाद्या मी वापरल्या म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, त्याच. आणि ज्या ओहायोतून तुम्ही हे लिहिता, तिथल्या तर 1820 च्या आधीच्या जनगणनेच्या याद्या एखाददुसरा तुकडा सोडला तर उरलेल्याच नाहीत. घराजवळचं एवढं तरी माहीत असावं.

बरं, समजा ती यादी सापडली असती, तरी तिच्यात असतं काय? फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. पुढे पाच आकडे: सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष, सोळाखालचे, गोऱ्या बायका, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. बायकोचं नाव नाही, मुलांची नाहीत, जन्मगाव नाही. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला 1850 पासून सुरुवात झाली आणि तोवर आमचा माणूस मातीआड गेला होता. त्याच्या तुलनेत केंटकीची करयादी पाहा. ती दर वर्षी होत असे. तिच्यात एकर किती, जमीन पहिल्या प्रतीची की दुसऱ्या-तिसऱ्या, कोणत्या ओढ्यावर, जमिनीची नोंद कोणाच्या नावे, मोजणी कोणाच्या नावे, सनद कोणाच्या नावे, घोडे किती, हे सगळं रकान्यांत मिळतं. मुलगा सोळाचा झाला की एका रकान्यात येतो, एकवीसचा झाला की दुसऱ्या. नाव न लिहिताही पोराचं वय निघतं. (गुलामांचा रकानाही आहे, आणि आमच्या माणसापुढे तो रिकामा नाही. ते लिहू का म्हणून सुनेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिहा बाबा, लपवून काय करायचंय?” तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही, हे आपलं सहज सांगतो.)

आता ‘छंदा’बद्दल. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यातल्या बांधांवर उन्हातान्हात साखळी ओढली आहे. भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहून पोटहिस्से मोजले आहेत. त्यामुळे आमच्या माणसाच्या, स्टोनर क्रीक नावाच्या केंटकीतल्या ओढ्यावरच्या जमिनीचा मोजणीचा कागद जेव्हा पडद्यावर उघडला, तेव्हा मला तो कोणी समजावून द्यावा लागला नाही. चतुःसीमा होती. अमुक ओढ्याच्या काठच्या साखरमेपलपासून निघून अमुक दिशेला इतके पोल, तिथे दोन अ‍ॅशची झाडं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपली साखळी 33 फुटांची, बरोबर दोन पोल. साखळीचा चौरस तो गुंठा, म्हणजे गुंठ्यात चार चौरस पोल, एकरात 160. कागदावरच क्षेत्र काढलं आणि पाहिलं तर मोजणीदाराने एकर कमी दाखवले होते! असल्या गोष्टी सर्च इंजिनवर नाव टाकून कळत नाहीत.

झाडाच्या खुणेवर हद्दी धरल्यावर काय होणार ते आमच्यासारख्याला सांगायला नको. व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्याने, 1778 च्या आधी वस्ती केलेल्याला 400 एकर आणि लगतच्या 1000 एकरांवर पहिला हक्क मिळत असे. पण आधी सरकारी मोजणी आणि मग वाटप, असं काही नव्हतं. ज्याने त्याने आपली जागा सांगायची आणि आपणच मोजून घ्यायची. एकाच तुकड्यावर तीन-तीन हक्क, कौलांसारखे एकावर एक. (ज्या शॉनी या मूळ रहिवाशांचं ते शिकारीचं रान, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.) डॅनियल बून स्वतः मोजणीची कामं करायचा, आणि त्याच्याच जमिनी असल्या घोळात गेल्या. 1799 मध्ये तो केंटकी सोडून मिसूरीला गेला, तेव्हा तो मुलुख स्पेनच्या ताब्यात होता.

कज्जे झाले म्हणून साक्षी झाल्या, साक्षी झाल्या म्हणून कागद उरले. त्यावरच आपण जगतो. मात्र ते कोणत्या कचेरीत बघायचे हे कळायला हवं. स्टोनर क्रीकच्या वरच्या अंगाला बसलेला माणूस जागचा हलला नाही, तरी 1776 च्या अखेरीस तो केंटकी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग), 1780 मध्ये फेएटमध्ये, 1785 नंतर बर्बनमध्ये आणि 1792 च्या वाटणीनंतर क्लार्कमध्ये. नवा तालुका झाला की जुनं दप्तर जुन्याच कचेरीत राहतं, हे इथल्या कुठल्याही तलाठ्याला माहीत असतं.

नकाशा हवा होता, हे मात्र तुमचं बरोबर. मी हाताने काढलेला आहे, पण तो नीट स्कॅन होत नव्हता. पुढच्या भागात टाकतो.

नावसाधर्म्याबद्दल फार लिहीत नाही. बूनच्या वडिलांचं नाव स्क्वायर आणि भावाचंही स्क्वायर, तेव्हा हा प्रकार मला माहीत आहे. आयुष्यभर एकाच गावात एकाच नावाचे चार-चार खातेदार हाताळले. ओढा तोच, वय साधारण तेच, आणि कागद वाचण्याची माझी नजर. एवढं पुरे. चुलते-पुतणे ‘असतील’ असं म्हणायला काही लागत नाही. असले तर दाखवा.

बूनची गोष्ट मी ‘घरात सांगतात’ असं म्हणूनच लिहिली होती. परत वाचा.

आणि आमच्या घराण्याचं म्हणाल, तर त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही आहे, ती मी पाहिली आहे, नक्कल घरात आहे. नात अर्धी इकडची, अर्धी केंटकीची. तिला दोन्ही बाजू कळाव्यात असं मला वाटलं. यात शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न तुम्हाला कुठे दिसला देव जाणे.

पुढचा भाग पेन्शनच्या अर्जावर आहे. 1832 च्या कायद्याखाली, अमेरिकन क्रांतियुद्धात, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, किमान सहा महिने चाकरी केलेल्या म्हाताऱ्यांना कोर्टापुढे शपथेवर सात ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत: जन्म कुठे, वयाची नोंद कुठे, बोलावणं आलं तेव्हा राहायला कुठे, नंतर कुठे. तो अर्ज पूर्ण भाषांतर करून देणार आहे. तो वाचून झाल्यावर काय ते बोला.

काल रात्री तुम्ही दुसरीही प्रतिक्रिया टाकली आहे. ती प्रसिद्ध करणार नाही. तिच्यात माझ्या सुनेचं माहेरचं आडनाव तुम्ही अंदाजाने लिहिलं आहे. अंदाज बरोबर की चूक, तेही सांगणार नाही.